एक जूनचे पूर्णांक

आमच्या घरात येणारी एक पक्की नोकरी एका मोकळ्या रकान्यामुळे गेली. वडिलांची. मी तेव्हा दुसरीत होते, त्यामुळे यातलं पाहिलेलं कमी आणि ऐकलेलं जास्त. पण इतक्या वेळा ऐकलंय की त्या फॉर्मचा रंगसुद्धा मला सांगता येतो. फिका हिरवा.

वडील वर्धेकडचे. पुण्यात आले ते मंडईत हमाली करायला. आम्ही राहायचो येरवड्यात, पत्र्याच्या एका खोलीत. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की आई दुपारी ओली पोती वर टाकायची आणि तासाभरात ती कडक वाळलेली खाली काढायची. आई मंडईतच एका गाळ्यामागे बसून दिवसभर लसूण सोलायची. संध्याकाळी भाकरी थापताना तिची बोटं चुरचुरायची, म्हणून ती थापायची तळहाताच्या कडेनं. दोघांपैकी एकजण आजारी पडला की त्या आठवड्यात भाजी बंद, नुसती भाकरी आणि चटणी. आम्हाला ते वाईट वाटायचं असं नाही. आम्हाला तेच जेवण वाटायचं.

तर एकदा महापालिकेच्या बागांसाठी माळ्यांची भरती निघाली. पक्की. म्हणजे दर महिन्याला पगार आणि आजारी पडायची परवानगी. वडिलांनी गल्लीतल्या एका शिकलेल्या माणसाकडून फॉर्म भरून घेतला. नाव, गाव, पत्ता, सगळं भरलं. जन्मतारखेचा रकाना तेवढा मोकळा राहिला, कारण ती कुणालाच माहीत नव्हती. आजी एवढंच सांगायची की तूर सोंगायचे, म्हणजे कापायचे, दिवस होते आणि थंडी फार होती. खिडकीवरच्या माणसानं रकान्यावर बोट ठेवलं, "मोकळं चालत नाही" म्हणाला आणि फॉर्म परत सरकवला. मग प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, शिक्के. हे सगळं घेऊन वडील पुन्हा गेले तेव्हा ती खिडकी बंद झालेली होती आणि भरतीही.

प्रतिज्ञापत्रावर तारीख आली एक जून. आपल्याकडे ज्यांची जन्मतारीख माहीत नाही ते सगळे एक जूनचे. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशोब बरोबर बसायचा. आमच्या गल्लीत अशी अकरा माणसं होती. कोपऱ्यावरचा किराणावाला दर एक जूनला सकाळी शटर उघडता उघडता म्हणायचा, "चला, आज गल्ली एका दमात म्हातारी झाली."

त्या फॉर्मनंतर घरात एक नियम झाला. वडील वऱ्हाडीत सांगायचे, "रकाना मोकळा सोडाचा नाही, बाई. काही बी लिहाचं, पन लिहाचं." वडील मला बाईच म्हणतात, मी पाच वर्षांची असल्यापासून.

शाळेतही हेच. उत्तर येत नसेल तरी काहीतरी लिहून ये, कोरा पेपर देऊ नकोस, मार्क मिळतात. मिळायचेही. सहावीपासून मी गल्लीतल्या लोकांचे फॉर्म भरायला लागले. रेशनचे, शाळेचे, बँकेचे. मी भरलेला फॉर्म कधी परत आला नाही याचा मला अभिमान होता. "मधले नाव" नसलेल्या माणसालाही मी मधलं नाव दिलेलं आहे. पुढे डिप्लोमा केला, मग इंजिनिअरिंग. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगणार.

नोकरी लागली ती डेक्कनच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या कंपनीत. सहा महिने उमेदवारी, काम पाहून मग पक्कं करायचं की नाही ते ठरणार. दर रविवारी वडील विचारायचे, "पक्की झाली का?" मी म्हणायचे, "अजून नाही, बाबा." ते मान हलवायचे आणि विषय बदलायचे. तेव्हा हिरव्या फॉर्मचं नाव कुणी काढत नसे.

माझं काम काय होतं, ते आता सांगते. वडिलांना सांगितलं तसंच सांगते.

आपण प्रोग्राम लिहितो तेव्हा त्यातल्या जागांना नावं देतो: वजन, तापमान, वेळ. कंपायलर नावाचा एक प्रोग्राम त्याचं यंत्राला समजेल अशा आकड्यांत रूपांतर करतो. त्यात नावं उरत नाहीत. पण काही बिघडलं तर माणसाला आत डोकावून बघता यावं म्हणून कंपायलर सोबत एक दाखला जोडतो: अमुक पत्त्यावर जे आहे त्याचं नाव "वजन", तो पूर्णांक आहे, तीन बाइट लांब आहे, उणे होऊ शकतो. बाइट म्हणजे आठ बिटांची जागा, आणि बिट म्हणजे एक शून्य किंवा एक. डीबगर नावाचं साधन हा दाखला वाचतं आणि पडद्यावर "वजन" पुढे आकडा दाखवतं. घोळ असा की दाखले लिहायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एका कंपायलरचा दाखला दुसऱ्या घरच्या डीबगरला वाचता येत नाही. आम्ही जो प्रोग्राम बनवत होतो तो एका पद्धतीचा दाखला दुसऱ्या पद्धतीत लिहून द्यायचा. वडील म्हणाले, "म्हंजे तू तिथं बी फॉर्मच भरून रायली." मी म्हटलं, हो, तसंच.

पूर्णांकांचा भाग माझ्याकडे होता. पहिल्या पद्धतीत पूर्णांक कितीही लांबीचा लिहिता येतो. दुसऱ्या पद्धतीत छापील यादी आहे: एक बाइटाचा, दोनाचा, चाराचा, आठाचा. यादीत असेल ते घ्या. मी एकामागून एक अटी लिहिल्या. एक बाइट असेल तर हे, दोन असतील तर ते. आणि सगळ्यात शेवटी, यांपैकी काहीच जुळलं नाही तर? तिथे मी लिहिलं: चार बाइटांचा. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. माझ्या कोडमध्ये एकही रकाना मोकळा नव्हता.

आमच्या टीमच्या प्रमुख एक बाई होत्या. जन्म, शाळा, कॉलेज, सगळं पुण्याच्या पेठांतलं. ऑफिसात सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. मला ते जमेना, मी मॅडमच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम शाळेत असतात. इथे फक्त मी असते." तरी मी मॅडमच म्हणत राहिले आणि मग त्यांनी सूड म्हणून मला "अहो बाईसाहेब" म्हणायला सुरुवात केली.

उमेदवारी संपायला तीन आठवडे उरले असताना त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"अहो बाईसाहेब, वारज्याचे काटेवाले हैराण झालेत. रिकाम्या काट्यावर कोटीत वजन दिसतंय म्हणे. त्यांचं म्हणणं, चूक त्यांचीच आहे. तीन दिवस शोधतायत. मला शंका आहे की ते उगाचच सभ्यपणा करतायत. जाऊन बघून या."

वारज्याच्या पुढे एका शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनायचे, मंडईत भाजीवाले वापरतात तसले. आमचा प्रोग्राम पहिल्यांदा खरोखर वापरणारे ते लोक. तिथून चांगला शेरा आला तर माझं पक्कं झाल्याचं पत्र निघणार होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी काही लाडात वाढलेली नाही, कळत होतं.

फाटकावर वहीत नाव लिहायचं होतं. नाव, कोणाकडे, वेळ, वाहन क्रमांक. मी बसनं आले होते. मी बसचा नंबर लिहिला.

वॉचमननं वही उलटी करून वाचली. "मॅडम, बस कुठं लावलीय?"

"ती गेली पुढे."

"बरं झालं. आत जागा नाही." आणि त्यानं वहीत त्यापुढे एक आडवी रेघ मारली.

आतले इंजिनिअर साठीला आलेले, चष्मा कपाळावर, समोर टेबलावर उघडा करून ठेवलेला काटा. त्यांनी मला स्टूल दिलं आणि सांगायला लागले. "आधी मी वजनाचा सेन्सर बदलला. मग वायर बदलली. मग म्हटलं टेबल हलत असेल, टेबल बदललं. आता या खोलीत बदलायचा फक्त मीच उरलोय."

पडद्यावर डीबगर उघडा होता. पारडं रिकामं. "वजन" पुढे आकडा होता एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे पंधरा.

"आणि गंमत काय," ते म्हणाले, "काट्याच्या स्वतःच्या काचेवर शून्यच दिसतं. म्हणजे काटा मला खरं सांगतोय आणि कॉम्प्युटर खोटं. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच."

मी काट्यावरचं शून्य करायचं बटण दाबलं, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. पडद्यावरचा आकडा एकदम उडाला: तीन कोटी पस्तीस लाख चोपन्न हजार चारशे एकतीस. बटण सोडलं, परत एक कोटी सदुसष्ट लाख. पुन्हा दाबलं. पुन्हा तीन कोटी.

बटण दाबलं आहे की नाही याची नोंद कुठे असते, मी विचारलं. त्यांनी कागद काढून दाखवला. वजनाच्या अगदी शेजारी, पुढच्याच बाइटात.

मी कागदावरचे बाइट बोटानं मोजले. त्यांच्या काट्यातलं वजन तीन बाइटांचं होतं, चोवीस बिटांचं. काट्यांमध्ये सेन्सरचं मोजमाप बऱ्याचदा तसंच येतं. तीन माझ्या यादीत नव्हतं. माझ्या शेवटच्या ओळीनं त्याला चार बाइटांचा दाखला दिला होता. डीबगर बिचारा दाखल्यावर विश्वास ठेवून चार बाइट वाचत होता, चौथा शेजाऱ्याचा. शिवाय संख्या उणे असल्याची खूण सगळ्यात वरच्या बिटावर असते. ती होती चोविसाव्यावर आणि डीबगर शोधत होता बत्तिसाव्यावर. रिकामं पारडं जरासं शून्याखाली गेलं होतं, उणे एक. काचेवर दाखवताना काटा ते शून्य धरत होता. आमच्या दाखल्यानं त्याच उणे एकाचे कोटी केले होते.

गप्प राहता आलं असतं. "बघून सांगते" म्हणून परत येता आलं असतं, आणि पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करून टाकता आलं असतं. ते गृहस्थ तर दोष स्वतःवर घ्यायला तयारच बसले होते. पण तीन दिवस. त्यांनी टेबलसुद्धा बदललं होतं.

"साहेब, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "हे माझं आहे. मला तुमच्या आकड्याचा प्रकार माहीत नव्हता, म्हणून मी दुसराच लिहिला."

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून कुणाला तरी म्हणाले, "जुनं टेबल परत आणा रे." मला चहा मात्र दिला.

ऑफिसात परतून मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझं कोड उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"काहीच जुळलं नाही तर चार बाइट."

"ते वाचता येतं मला. का?"

"मोकळं कसं सोडणार?"

"'माहीत नाही' असं लिहायला काय जातं?"

"परत पाठवतील ना."

"कोण?"

मी हिरव्या फॉर्मची गोष्ट सांगितली. कधीच कुणाला ऑफिसात सांगितली नव्हती. आजीची तूर, खिडकी, एक जून, गल्लीतली अकरा माणसं. मॅडम ऐकत होत्या. मध्ये एकदाही काही खोचक बोलल्या नाहीत, त्यामुळे मी घाबरलेच.

शेवटी म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचीही तारीख एक जून आहे. मला वीस वर्षं वाटतंय की ते मिथुन राशीचे म्हणून असे वागतात." मग खुर्ची मागे सरकवली. "हे बघा. इथे खिडकीवर मी बसते. आणि मी मोकळा फॉर्म परत पाठवत नाही. खोटा भरलेला पाठवते. आठवडा घ्या."

मी दुसऱ्या पद्धतीचं माहितीपुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि मला हसूच आलं. छापील यादीत सगळ्यात पहिली नोंद, शून्य क्रमांकाची, काय होती? "प्रकार नाही." रकाना मोकळा सोडायची सोय त्यांनी सगळ्यांच्या आधी करून ठेवली होती. मी ती ओळ दहा वेळा पाहिली असेल आणि दर वेळी, ही काही आपल्यासाठी नाही, असं समजून पुढे गेले असेन.

पण वजनाला नुसतं "प्रकार नाही" लिहूनही भागणार नव्हतं. प्रकार माहीत होता. यादीत नव्हता, एवढंच. त्यावर मार्ग निघाला तो असा. त्या पद्धतीत पूर्णांकाची लांबी यादीतलीच लागते, पण डबीतल्या, म्हणजे अनेक जागा एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, एखाद्या कप्प्याबद्दल सांगता येतं की याचे इतकेच बिट खरे धरा. मग मी प्रत्येक अडनिड्या पूर्णांकासाठी एक डबी करायची ठरवली. डबीची लांबी खरी, तीन बाइट. आत एकच कप्पा: प्रकार चार बाइटांचा, पण मोजायचे फक्त खालचे चोवीस बिट, आणि उणे चालेल. डीबगरमध्ये आकडा बघायला डबी उघडण्याची एक टिचकी जास्त मारावी लागते. तेवढं चालवून घ्यावं लागतं.

पहिल्या प्रयत्नात मी "उणे चालेल" लिहायला विसरले आणि तेच एक कोटी सदुसष्ट लाख पुन्हा समोर येऊन बसले. आता आमची ओळख झाली होती.

मग म्हटलं, तीनावर थांबायचं कशाला. हल्ली कंपायलरमध्ये हव्या तितक्या बिटांचा पूर्णांक मागता येतो, सात बिटांचा, सदतीस बिटांचा. मी एक बिटापासून एकशे अठ्ठावीस बिटांपर्यंत प्रत्येक लांबीची चाचणी लिहिली. प्रत्येकीला शून्य, सगळ्यात मोठी संख्या, सगळ्यात लहान संख्या, आणि दोन बिटांपासून पुढे रिकाम्या पारड्याचं उणे एक. चौसष्ट बिटांपर्यंतचे डबीत बसले. त्यापुढच्यांना डीबगरला संख्या म्हणून दाखवताच येत नव्हतं; त्यांचे मी नुसते बाइट ओळीनं मांडले, कुठलाही दावा न करता. आणि ज्यांचं खरंच काही कळत नाही त्यांना शून्य क्रमांक: प्रकार नाही. सोबत एक सूचना छापायची, की अमुक नावाच्या जागेचा प्रकार आम्हाला कळला नाही. खोटं नाही सांगत, ती शेवटची ओळ लिहिण्याआधी मी एक चहा पिऊन आले.

आठवड्यानं वारज्याला गेले. फाटकावर वहीतला वाहनाचा रकाना मोकळा सोडला. वॉचमन म्हणाला, "आज बस नाही?" मी म्हटलं, "सुट्टीवर आहे."

इंजिनिअरसाहेबांनी नवा दाखला चढवला, डबी उघडली. रिकामं पारडं. उणे एक. मग शून्य. मग पुन्हा उणे एक. त्यांनी शून्याचं बटण दाबून धरलं. आकडा जागचा हलला नाही. जेवणाचा डबा पारड्यावर ठेवला, काचेवरचं वजन पाहिलं, आकडेमोड केली, पडद्याकडे पाहिलं.

"जुळलं," म्हणाले. मग डबा उचलत, "बायकोनं आज पोळी एक कमी दिलीय, तेही कळलं."

पडद्यावरच्या नावांत खाली एका जागेपुढे "प्रकार नाही" असं आलं होतं. मी लगेच सांगायला लागले की ते असं असं आहे, पुढच्या वेळी बघते. त्यांनी हात वर केला. "असू द्या. नाही म्हणतोय ना सरळ? मग तिथं मी नाही शोधणार. तीन दिवस वाचले."

त्यांचा शेरा दोन ओळींचा आला. मॅडमनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "फॉर्म स्वीकारला."

त्याच महिन्यात पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. सोबत विम्याचा फॉर्म, आईवडिलांना विम्यात घ्यायचं तर त्यांच्या जन्मतारखा हव्या. रविवारी मी तो घेऊन घरी बसले. आता घर येरवड्यातच, पण स्लॅबचं.

"बाबा, तारीख काय लिहू?"

"एक जून. दुसरी कोनती हाय?"

"तुम्ही तर थंडीतले ना?"

"मंग? तुरीची तारीख टाकतं का कोनी?"

आई आतून म्हणाली, "टाकून पाह्य. विमावाले तूर देतीन."

मी एक जून लिहिलं, कारण कागदोपत्री तीच आहे. शेजारी शेऱ्याच्या जागेत लिहिलं: तारीख प्रतिज्ञापत्रानुसार, खरी तारीख माहीत नाही. वडिलांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा. मग म्हणाले, "परत आला तं?"

"आला तर मी जाईन खिडकीवर."

फॉर्म परत आला नाही.

एक बिटापासून एकशे अठ्ठावीस बिटांपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक आज आमचा प्रोग्राम खरा सांगतो, नुसते बाइट मांडतो किंवा माहीत नाही म्हणून सांगतो. त्या भागाच्या पहिल्या ओळीवर लिहिणारी म्हणून माझं नाव आहे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आणि पहिली पक्की नोकरदार आहे.